मैदानातून चालत बाहेर

आमच्या शेजाऱ्यांशी ओळख झाली त्याच संध्याकाळी मी त्यांचं सांत्वन करून टाकलं, आणि तेही नको त्या गोष्टीबद्दल. सिंगापुरात पासिर रिसच्या आमच्या कॉन्डोत खाली बार्बेक्यूची जागा आहे. तिथे हे पंचावन्नच्या पुढचे, तांबूस चेहऱ्याचे स्कॉटिश गृहस्थ कणसं भाजत होते. तुम्ही काय करायचात, म्हणून मी विचारलं. त्यांच्या उच्चारात अर्धं उत्तर वाहून गेलं. हाती लागलं ते एवढंच, की त्यांची बरीच वर्षं थर्ड डिव्हिजनमध्ये गेली. मी त्यांच्या खांद्यावर हात ठेवून म्हणालो, "मनाला लावून घेऊ नका. माझे मामा मॅट्रिकला थर्ड डिव्हिजनमध्ये सुटले आणि बँकेतून मॅनेजर म्हणून रिटायर झाले." त्यांनी कणीस उलटलं, क्षणभर विचार केला आणि मामांची तब्येत आता कशी असते, असं विचारलं.

लिफ्टमध्ये मुलगी तिच्या सिंगापुरी इंग्रजीत म्हणाली, "बाबा, दॅट्स फुटबॉल लीग, लाह."

पुढे ते तिचे, आणि मग घरातल्या सगळ्यांचेच, स्कॉटिश काका झाले.

काकांची कारकीर्द मला तुकड्यातुकड्यांनी कळली, बहुतेक वेळा कचरा टाकायला जाताना. स्कॉटलंडच्या खालच्या लीगमध्ये ते मिडफिल्डर होते. म्हणजे मागच्यांकडून बॉल घ्यायचा आणि पुढच्यांना द्यायचा. गोल झाला तर नाव पुढच्यांचं, खाल्ला तर मधला झोपला होता का, असं विचारायचं. मी तीन भावांतला मधला आणि ऑफिसात मिडल मॅनेजर, त्यामुळे हे काम मला फारसं समजावून सांगावं लागलं नाही. क्लबच्या पगारात घर चालत नसे. दिवसा ते लोकांच्या घरचे पाइप दुरुस्त करायचे, मंगळवारी-गुरुवारी संध्याकाळी सराव आणि शनिवारी मॅच. करार वर्षाचा. मोसम संपला की मॅनेजर एकेकाला खोलीत बोलावून सांगायचा, राहा किंवा जा. काकांनी 'जा' कितीतरी वेळा ऐकलं आणि दर वेळी शेजारच्या कुठल्यातरी गावच्या क्लबात बूट घेऊन हजर झाले.

प्रेक्षक इतके थोडे, की पाठमोरं असतानाही कोण खोकलं ते ओळखू यायचं. एक म्हातारा कठड्याला टेकून दर शनिवारी यांना शिव्या घालायचा. एका शनिवारी तो आला नाही, तर काकांचं खेळात लक्ष लागेना. मॅच संपल्यावर ते त्याच्या घरी चौकशीला गेले. त्याला सर्दी झाली होती. न पाहिलेल्या मॅचबद्दलच्या शिव्या त्यानं दारातच देऊन घेतल्या.

शेवट मात्र वाईट झाला. थंडीनं दगड झालेल्या मैदानावर काकांचा उजवा गुडघा फिरला आणि त्यांना स्ट्रेचरवरून बाहेर नेलं. त्यानंतर कुठल्याच क्लबनं बोलावलं नाही. पुढे त्यांच्या बायकोला सिंगापूरच्या शाळेत नोकरी लागली, तेही इथे आले, आणि दर रविवारी आमच्या पंचेचाळिशीपुढच्यांच्या संघाला शिकवू लागले. शिकवायचे फक्त, खेळायचे नाहीत.

या वर्षी तो गुडघा बदलायचं ठरलं. ऑपरेशनच्या आधीच्या रविवारी जुरोंग ईस्टच्या संघाशी मॅच होती, आणि काकांनी जाहीर केलं की ते खेळणार, तेही अख्खी मॅच. आम्ही डॉक्टरांचं नाव काढलं. डॉक्टर म्हणे म्हणाले होते, दुखेल खूप, पण बिघडायला आत काही शिल्लक नाही.

सरावाहून परतताना ते मला म्हणाले, "त्या दिवशी मला चौघांनी उचलून नेलं. गुडघा माझा आहे तोवर एकदा शेवटची शिट्टी ऐकून चालत बाहेर यायचंय. तू माझ्या शेजारी खेळ."

आमच्या संघातली माझी जागा म्हणजे कुणी भारतात गेलं की रिकामी होणारी. मीच का, म्हणून विचारलं.

"बाकीच्यांना बॉल पायात ठेवायला आवडतं. तू घाबरून लगेच देऊन टाकतोस. मला तेच हवंय."

आयुष्यात पहिल्यांदाच माझ्या घाबरटपणाला मागणी आली होती. मी रोज सकाळी ऑफिसच्या आधी समुद्राकाठच्या पार्कात धावू लागलो. तिथे फिरायला येणाऱ्या आजीबाईंनी मला मागे टाकून जाणं हळूहळू कमी झालं.

मॅचच्या दिवशी काका मैदानाच्या मधोमध उभे राहून हात दाखवायचे आणि मी तिकडे पळायचो. चौकातला ट्रॅफिक पोलीस आणि त्याच्या वाट्याला आलेला एकुलता एक टेम्पो. बॉल त्यांच्याकडे आला की एका स्पर्शात माझ्याकडे, आणि मी घाबरून पुढे. हे इतकं नीट जमत गेलं, की थोडाच खेळ उरला असताना १-१ अशी बरोबरी होती.

तेवढ्यात विजेचा भोंगा वाजला. आकाशात वीज असली की इथे भोंगा वाजतो, लाल दिवा लागतो आणि मैदान सोडावंच लागतं. सगळे शेडखाली पळाले. काका लंगडत आले आणि खांबाला धरून उभे राहिले. मी खुर्ची पुढे केली.

"बसलो तर हा गुडघा धरेल. मग उठता येणार नाही."

बाहेर धो धो पाऊस. मी म्हटलं, आता चालतच बाहेर आलात की, झालं ना मनासारखं.

"शिट्टी झालेली नाही," ते म्हणाले. बास, तेवढंच.

मग मीही त्यांच्या शेजारी उभा राहिलो, बसायची अतोनात इच्छा असताना. पाऊस ओसरला, पण दिवा लालच. समोरचा संघ बॅगा भरू लागला. रेफरी म्हणजे एक वयस्क मलय अंकल; त्यांनी विचारलं, बरोबरीत संपवू या का? सगळ्यांनी माना डोलावल्या. ऑफिसच्या मीटिंगमध्ये मीही अशीच डोलावतो. त्या दिवशी नाही म्हणालो, आणि आपला आवाज इतका मोठा निघतो हे मलाच नवीन होतं.

समोरचा कॅप्टन मुंबईचा, बँकेतला, बॅग खांद्यावर घेऊन निघालेला. त्याला गाठून मी मराठीत सुरू झालो.

"अहो, पाच-दहा मिनिटांनी काय फरक पडतोय?" तो म्हणाला.

"तुम्हाला नाही पडणार. त्यांना पडेल." मी स्ट्रेचरची हकिगत सांगितली. त्यानं खांबाकडे पाहिलं. इतक्या वेळात काकांनी एकदाही गुडघा वाकवला नव्हता. कपाळावरून घाम गळत होता. कॅप्टननं बॅग खाली ठेवली आणि बूट पुन्हा चढवायला घेतले.

"माझ्या बायकोला उशिराचं कारण तेवढं तुम्ही सांगा," तो म्हणाला.

दिवा विझला आणि आम्ही चिखलात उतरलो. त्या शेवटच्या मिनिटांत काकांच्या वाट्याला बॉल तीनदा आला असेल, तिन्ही वेळा तो नीट माझ्या पायात पडला. तिसऱ्यांदा मी तो घाबरून थेट समोरच्यालाच दिला, त्यांनी गोल केला आणि आम्ही हरलो. काकांनी मला जे ऐकवलं त्यातलं, सुदैवानं, मला निम्मंच कळलं. ते खरोखर चिडले होते.

मग शिट्टी झाली. काका वळले आणि रेषेकडे चालू लागले, उजवा पाय ओढत, थांबत, पुन्हा चालत. कुणीही पुढे झालं नाही. त्यांची बायको रेषेपलीकडे उभी होती, दोन्ही हात पाठीमागे घट्ट धरून, चुकून पुढे होऊ नयेत म्हणून. त्यांनी रेष ओलांडली तेव्हा कुठे तिनं हात सोडले, आणि दोघं तिथेच ओल्या बाकावर बसली.

हे सगळं मी मैदानाच्या मधोमध, चिखलात आडवा पडून पाहिलं. दोन्ही पोटऱ्यांत गोळे आले होते. बायको छत्री घेऊन आली, माझ्या डोक्याशी उभी राहिली आणि बराच वेळ बाकाकडे बघत राहिली. डोळे पुसले तिनं. मग खाली वाकून म्हणाली, "त्यांना चालत बाहेर यायचं होतं, ते आले. तू कुणाची वाट बघतोयस? ऊठ."