सुपारी टेकली की रीळ थांबलं पाहिजे

माझ्या थोरल्या साडूंएवढा थोर गळवाला सोनपेठपासून खाली अख्ख्या गोदाकाठावर सापडणार नाही, आणि या माणसानं आजवर एकही मासा धरलेला नाही. साडू माळकरी. हैदराबादेत नोकरीला असलेल्या त्यांच्या मुलानं मरळ धरायला म्हणून विलायती काठी आणि रीळ आणलं, पहिल्याच फेकीत सुगरणीच्या खोप्याएवढा गुंता केला आणि वैतागून सगळं माळ्यावर टाकून दिलं. साडूंनी ते खाली काढलं, गुंता सोडवला, दोऱ्याच्या टोकाला आमिष म्हणून लावलेल्या रबरी बेडकाचे गळ पकडीनं तोडून टाकले आणि रोज संध्याकाळी नदीत नुसतंच फेकायला सुरुवात केली. मरळ त्या बेडकावर झेप घेई, तोंड मारी आणि निघून जाई. साडू तिला हात जोडत. गाव हसे. अक्का, म्हणजे माझी मेव्हणी, मात्र हसत नसे. काठी चुलीत घालीन अशी धमकी तिनं देऊन ठेवली होती.

फेकण्यापेक्षा त्यांची तयारी बघण्यासारखी असे. त्या रिळाची खोड अशी, की फेकलेलं वजन हवेत मंदावलं तरी रीळ आपलं फिरतच राहतं, आणि मोकळा झालेला दोरा जागच्या जागी गुरफटतो. म्हणून साडू दोऱ्याला सुपारी बांधून अंगणात उभे राहत. मुठीजवळची खुंटी पिळत पिळत सुपारी हळूहळू खाली सोडत. ती जमिनीला टेकली की रीळ थांबलं पाहिजे. मग वारा बघून दुसऱ्या अंगाचा ब्रेक. मग रिळावर अंगठा, तान्ह्या बाळाच्या टाळूवर ठेवावा तसा. यात घाई केलेली त्यांना खपत नसे. एकदा लग्नाला न्यायला जीप दारात उभी, आणि हे सुपारी सोडतायत. आम्ही पोचलो तेव्हा पंगती उठत होत्या.

मग एका पावसाळ्यात वरून पाणी सुटलं. गावातला शेळ्या राखणारा एक गडी गाभण शेळी आणायला नदीतल्या खडकावर गेला होता, तो तिथंच अडकला. होडी पलीकडच्या काठाला. लोकांनी दगड बांधून दोर फेकले, ते अर्ध्यातच पडले. पाणी गड्याच्या मांडीला लागलं तेव्हा साडू काठी घेऊन आले. सुपारीच्या जागी त्यांनी लोखंडी नट बांधला आणि काठावर उभे राहून तो चक्क हळूहळू जमिनीवर सोडायला लागले. मी ओरडलो, साडू, फेका आता.

"थांबा पाव्हणं," ते म्हणाले. "वजन बदललंय, वारं बी तोंडावर हाय. गुतलं तर ते सोडवूस्तोर माणूस ऱ्हायचा न्हाई."

नट टेकला, रीळ जरा जास्तच फिरलं. त्यांनी खुंटी किंचित पिळली, पुन्हा सोडला. आता थांबलं. मग त्यांनी फेकलं. दोरा वाऱ्याखालून सरळ गेला, अंगठा दबला, आणि नट गड्याच्या पलीकडे पडून दोरा त्याच्या खांद्यावर आला. दोऱ्यामागून सुतळी गेली, सुतळीमागून चऱ्हाट. पठ्ठ्यानं ते आधी शेळीला बांधलं, मग स्वतःला. आम्ही दोघांनाही ओढून घेतलं. त्या संध्याकाळी अक्कानं काठी पदरानं पुसून देवघराशेजारी उभी केली. मी साडूंच्या पाया पडलो, आणि मी सहसा कुणाच्या पाया पडत नाही.

गेल्या वर्षी त्यांच्या उजव्या अंगावरून वारं गेलं. या दिवाळीला गेलो तर बाजेवर बसले होते, रीळ मांडीवर. अंगठ्याला काहीच समजत नाही म्हणाले. मला सुपारी बांधायला लावली, सोडायला लावली, खुंटी पिळायला लावली. रीळ थांबल्यावर मी काठी धरली, आणि त्यांनी डाव्या हातानं आपला उजवा अंगठा उचलून रिळावर ठेवला.

"आता फेका."

सुपारी गोठ्याच्या पत्र्यावर वाजली आणि रिळावर ढीगभर गुंता झाला. साडूंनी तो निरखून बघितला, काठी जवळ ओढली आणि डाव्या हातानं एक पदर सैल करायला घेतला.

"बसा पाव्हणं. दुसरं टोक धरा."

अक्का जेवायला हाक मारून गेली, परत येऊन गेली. आम्ही दोघं गुंता सोडवत बसलो होतो, आणि तो लवकर सुटू नये असं मला फार वाटत होतं.