उघडा फिल्टर

ही गोष्ट सांगायची मी कैक वर्षं टाळली, पण जळक्या ऑइलचा वास आला की उस्मानपुऱ्यातला आमचा पिकअप स्टँड आठवतो. तिथं नवा आलेला एक तरुण माझी चितेगावची भाडी पळवत होता. गाडीत काही बसवायचं तर आधी वडीलधाऱ्याला विचारायचं, हा स्टँडचा रिवाज. त्यानंही विचारलं, “काका, कंपनीचाच एअर फिल्टर ठेवू का हा उघडा जाळीचा बसवू?” जाळीतून धूळ थेट इंजिनात जाते, हे मला ठाऊक होतं. “जाळीचाच घे, बेटा. गाडी लई पळंल.” त्यानं मला चहा पाजला. वर्षभरात इंजिन बसलं, गाडी विकली गेली. आता तो औरंगपुऱ्यात हातगाडीवर पेरू विकतो. काल माझ्यासाठी पेरू कापताना म्हणाला, “काका, तुम्ही चांगलंच सांगितलं होतं, माझंच नशीब खराब.” माफी ओठांपर्यंत आली, आणि मी म्हणालो, “मीठ जरा जास्त लाव.”