चोवीस खाचा आणि सातवीचा वर्ग

फेब्रुवारीत आमच्या शाळेच्या टाकीवरची मोटार जळाली. मुख्याध्यापक बैठकीला गेलेले, म्हणून दुरुस्तीचं काम माझ्या गळ्यात पडलं. स्कूटीवर दोन पायांमध्ये ती मोटार धरून मी सात किलोमीटरवरच्या मारेगावला नेली. वणी रोडवर टिनाच्या एका दुकानावर पाटी होती, ‘धम्मरत्न मोटार वायंडिंग’. आत चाळिशीच्या एक बाई तांब्याची तार गुंडाळत बसल्या होत्या.

“मिस्त्री कुठे गेले?” मी विचारलं.

“मीच हाये. ठेवा खाली,” त्या म्हणाल्या.

त्या शीलाताई. त्यांनी चार बोल्ट काढले, मोटार उघडली आणि आतलं लोखंडी कडं माझ्यासमोर धरलं. कड्याच्या आतल्या बाजूनं खाचा होत्या आणि त्यांत काळी पडलेली तार कोंबलेली होती. “चोवीस खाचा हायेत, मॅडम. पुरा गोल म्हंजे तीनशे साठ अंश. एका खाचेले पंधरा आले. मोटार चालवणारी तार इथं बसते. तिले सुरुवातीचा धक्का देणारी दुसरी तार नव्वद अंशावर पाह्यजे. म्हंजे सहा खाचा सोडून.”

मी तिथेच उभी राहिले. त्याच आठवड्यात मी सातवीला कोन शिकवत होते. फळ्यावर कोनमापक काढला होता, व्याख्या पाठ करून घेतली होती, आणि चाचणीत एकतीसपैकी चौदा मुलांनी नव्वद अंशाचा कोन तिरपा काढला होता. इथे एक बाई खिळ्याच्या टोकानं खाचा मोजत तोच कोन लोखंडात बसवत होत्या.

“तुम्ही किती शिकलात?” मी विचारलं.

“दहावी नापास. गणितात. दोनदा.” कोणी गाव विचारल्यावर सांगावं, तितक्या सहज त्यांनी ते सांगितलं.

मोटार घ्यायला मी तिसऱ्या दिवशी गेले आणि दोन तास तिथेच बसले. त्या बसण्यात मला त्यांची बरीच हकिकत कळली. त्यांचे वडील, उकंडा त्यांचं नाव, कापसाच्या जिनिंगमध्ये कामाला होते. मुलगी शिकावी म्हणून त्यांनी तिला मारेगावच्या शाळेत घातलं. भाषेत, इतिहासात ती चांगली होती. गणिताच्या तासाला मात्र तिचे हातपाय गार पडायचे. दुसऱ्यांदा निकाल लागला तेव्हा वडील रागावले नाहीत, पण घरात त्यानंतर शाळेचा विषय निघाला नाही. पुढे धम्मरत्न यांच्याशी लग्न झालं. त्यांचं हे दुकान. शीलाताई दुपारी डबा घेऊन यायच्या आणि नवरा जेवेस्तोवर जळक्या मोटारीतली तार काढून द्यायच्या. मग एका वर्षी, रब्बीच्या ऐन हंगामात, धम्मरत्न मोटारसायकलवरून पडले आणि त्यांचं उजवं मनगट मोडलं. दुकानात अकरा मोटारी पडलेल्या होत्या.

“ते म्हणाले, दुकान बंद ठेवू,” शीलाताई म्हणाल्या. “मी म्हटलं, तुमी तोंडानं सांगा, हात माहे घ्या.”

दीड महिन्यात अकराच्या अकरा मोटारी शेतांवर परत गेल्या. त्यांतल्या दोन पुन्हा जळून आल्या, त्यांतही त्यांनी पुन्हा नवी तार भरली. धम्मरत्न यांचं मनगट बरं झालं, पण बारीक कामाला ते पहिल्यासारखं वळेना. त्यांना पाणीपुरवठ्याच्या टाकीवर काम मिळालं आणि दुकान शीलाताईंचं झालं. त्याला आता बारा वर्षं झाली.

“तुम्ही आमच्या शाळेत याल?” मी विचारलं. “शनिवारी आम्ही मुलांना दप्तर आणायला सांगत नाही. काहीतरी करून दाखवायचं असतं.”

त्यांचा हात थांबला. “मले शिकवता येत नाई.”

“मग शिकवू नका. मोटार भरा. मुलं बघतील.”

त्यांनी हातातला वेढा पुरा केला, तार कापली. मग म्हणाल्या, “वर्गात नाई बसणार मी. बाहेर झाडाखाली बसीन.”

शनिवारी त्या ऑटोतून आल्या. सोबत तीन जुन्या मोटारी, तारेची रिळं आणि एका पिशवीत पाने, पक्कड, कात्री. मी मांडलेल्या खुर्चीकडे त्यांनी पाहिलंही नाही. कडुलिंबाखाली पोतं टाकून बसल्या आणि कामाला लागल्या. मुलं भोवती कोंडाळं करून उभी. दहा मिनिटांत मागची दोन-तीन मुलं चुळबुळ करू लागली. मला वाटलं, फसलं.

मग पियुष पुढे झाला. वामनराव पाटलांचा हा मुलगा वर्गात पहिला यायचा. “ताई, मी मोजू खाचा?” त्यानं मोजल्या आणि ठामपणे सांगितलं, तेवीस.

शीलाताईंनी त्याला चूक म्हटलं नाही. “बरं. तेवीस असतीन त एका खाचेले किती अंश येते?”

तो भागाकार करत बसला. उत्तर काही केल्या सरळ येईना. मागून उर्वशी आली. वर्गात ही मुलगी हजेरी सोडून तोंड उघडत नसे. तिनं एका खाचेत काडी खोचली आणि तिथून मोजायला सुरुवात केली. परत काडीपाशी आल्यावर थांबली. “चोवीस. यानं जिथून सुरू केलं ते खाच मोजलीच नाई.”

“काडी कायले खोचली?” शीलाताईंनी विचारलं.

“गोलाले सुरुवात नसते ना. आपल्यालेच करावी लागते.”

शीलाताईंनी माझ्याकडे पाहिलं. मी त्यांच्याकडे. सात वर्षांच्या नोकरीत माझ्या वर्गात असं वाक्य कोणी बोललं नव्हतं.

त्या दिवसानंतर शनिवारची वाट पाहणं हे आमच्या शाळेचं मुख्य काम झालं. शुक्रवारीच मुलं पोतं झटकून ठेवायची. शनिवारी गैरहजर कोणी नसे. उलट सहावीची चार-पाच पोरं कुंपणाला चिकटलेली असायची. मुलांनी जुनी तार उलगडून वेढे मोजले, तारेची जाडी मापली, खाचांत घालायचा कागद कापला. कागद कापताना क्षेत्रफळ आलं, वेढ्यांत गुणाकार आला. मी वहीत नुसती नोंद करत होते आणि माझ्या लक्षात येत होतं की अर्धा अभ्यासक्रम लिंबाखाली होऊन चालला आहे.

शीलाताईंची एक रीत होती. विचारल्याशिवाय त्या काही सांगत नसत, आणि विचारलं तरी आधी उलट विचारत, “तुले काय वाटते?” तिसऱ्या शनिवारी पियुषनं मात्र त्यांना अडवलं.

“ताई, नव्वदच काहून? साठ अंश ठेवले त काय होईन?”

शीलाताई पक्कड हातात धरून थांबल्या. “मले नाई माहीत,” त्या म्हणाल्या. “बारा वर्षांत मले कोणी विचारलं नाई, अन् मीबी कोणाले विचारलं नाई. चाल, पाहू.”

मुलांना हे नवीन होतं. शिकवणाऱ्या माणसाला एखादी गोष्ट येत नाही, आणि तो ते सरळ सांगतो. आम्ही एका भंगारातल्या मोटारीत मुद्दाम चार खाचा सोडून दुसरी तार भरली. पुढच्या शनिवारी ती चालू केली. ती हुंकारली, थरथरली, कशीबशी फिरायला लागली आणि पाच मिनिटांत तापली. शेजारी नव्वदवाली मोटार बटण दाबताच सुरू झाली. मुलं एकदा या मोटारीला हात लावत होती, एकदा त्या. शीलाताईंचा चेहरा असा उजळला होता की त्या सातवीतल्याच वाटत होत्या. असं का होतं ते मला पुस्तकातून वाचून पुढच्या आठवड्यात सांगावं लागलं. मी सांगत असताना पोत्यावर सगळ्यांत पुढे शीलाताई बसल्या होत्या.

एकदा मी त्यांना म्हटलं, दहावीचा फॉर्म भरू या, या वेळी गणित नक्की सुटेल. त्या हसल्या. “कायले, मॅडम? त्या टायमाले गणित काय विचारून राह्यलं, तेच समजत नव्हतं. आता समजते. आपलं काम झालं.” मी तो विषय पुन्हा काढला नाही.

पण सगळ्यांनाच हे आवडत नव्हतं. शाळा समितीचे अध्यक्ष शंकरसिंग तांड्यावर राहायचे. त्यांची नात आमच्याच वर्गात. एका शनिवारी ते फाटकातून तडक लिंबाखाली आले. तेव्हा त्यांच्या नातीचे हात काळे झालेले होते.

“मॅडम, लेकरू मिस्त्री बनवाले शाळेत नाई धाडलं आम्ही. जिंदगीभर आम्ही हात काळे केले, ते काय कमी झाले?”

ते चुकीचं बोलत नव्हते. शीलाताई उठून उभ्या राहिल्या. “दादा, हात धुतले का साफ होतात. डोक्यात गेलं ते धुतल्या जात नाई. तुमच्या नातीले विचारून पाहा, काय शिकली ते.”

“बोलण्यानं काय होते? माह्या विहिरीवरची मोटार जळून पडली हाये. या लेकराईनं चालू करून दाखवावी. नाई झाली त पुढच्या शनिवारपासून दप्तर घेऊन वर्गात.”

“कबूल,” शीलाताई म्हणाल्या. मला त्यांनी विचारलंसुद्धा नाही.

दोन शनिवार आणि मधल्या आठवड्यातल्या खेळाच्या सगळ्या तासिका त्या मोटारीवर गेल्या. शीलाताईंनी हात लावला नाही. वेढे उर्वशीनं मोजले, दुसऱ्या चौघांनी तपासले. जोडण्यांचं चित्र पियुषनं काढलं. शेवटी शाळेत मोटार लावून पाहिली, ती फिरली, आणि मुलांनी एवढा आरडाओरडा केला की समोरच्या किराणा दुकानातली माणसं बाहेर आली.

मार्चच्या शेवटच्या शनिवारी सकाळी आम्ही सगळे तांड्याजवळच्या त्या विहिरीवर गेलो. अर्धा तांडा आधीच जमला होता. शंकरसिंगांची आई सुखीबाई बाजेवर बसून होती. मोटार बसवली, पंपात पाणी भरलं. विजेची जोडणी शीलाताईंनी स्वतः केली आणि सगळ्या मुलांना दहा पावलं मागे उभं केलं. बटण दाबलं. मोटार झकास आवाज करत फिरू लागली. सगळ्यांचे डोळे पाइपाच्या तोंडाकडे.

पाइपातून करंगळीएवढी धार आली. तीही तुटक.

शंकरसिंग हाताची घडी घालून उभे होते. मी शीलाताईंकडे पाहिलं. त्यांनी दोन्ही हात पाठीमागे बांधले होते आणि त्या मुलांकडे बघत होत्या.

“मोटार त फिरून राह्यली,” पियुष पुटपुटला. “मंग पाणी काहून नाई?”

उर्वशी म्हणाली, “ताई, बंद करा.” शीलाताईंनी बटण बंद केलं, फ्यूजचा कटआउट काढून हातात घेतला. उर्वशी पुढे गेली. मोटार अजून सावकाश फिरत थांबत होती. तिनं मागच्या पंख्याकडे पाहिलं, मग ओढणीनं पंपावरचा गंज पुसला. तिथे एक बाण होता. बाण उजवीकडे, पंखा डावीकडे.

“उलटी फिरून राह्यली,” ती म्हणाली.

पियुषनं चित्राचा कागद उलगडला, बोट फिरवलं आणि कागद खाली टाकून धावला. “धक्क्याच्या तारेची दोन टोकं बदलाची. धक्का उलटा बसून राह्यला.”

टोकं बदलायला चार मिनिटं लागली असतील. मला तो सबंध तास वाटला. शीलाताईंनी कटआउट बसवला, मुलांना पुन्हा मागे सारलं, बटण दाबलं. पाइप एकदा गुरगुरला आणि मनगटाएवढा पाण्याचा लोट असा आला की पाइपाचं तोंड धरून उभा असलेला माणूस दोन पावलं मागे सरकला. मुलं पाण्यात शिरली. दहा पावलांचा नियम कोणाच्या लक्षात राहिला नाही. शीलाताईंनी बटण बंद केलं, सगळ्यांना बाहेर काढलं, आणि मग स्वतःच डोळे पुसत हसू लागल्या.

परतताना मी त्यांना विचारलं, “तुम्हाला ठाऊक होतं ना?”

“शाळेत फिरवली तवाच दिसलं होतं.”

“मग सांगितलं का नाही? नसतं जमलं तर शनिवार बंद झाले असते.”

“सांगतलं असतं त मोटार माही झाली असती, मॅडम. त्याईची नसती राह्यली.”

शंकरसिंगांनी तिथे कौतुक वगैरे काही केलं नाही. पण सोमवारी ते शाळेत आले, खुर्चीवर बसले, टोपी मांडीवर ठेवली आणि म्हणाले, “माही माय विचारून राह्यली. तिच्या कशिद्यात कोन असतात म्हणते. शनिवारी तिले आणू का?”

आता सुखीबाई महिन्यातून एकदा आरशांचा घागरा घेऊन येतात आणि मुलं त्यातल्या टाक्यांवरून सममिती शिकतात. त्या बंजाऱ्यांच्या गोरबोलीत बोलतात, शंकरसिंगांची नात मराठी करून सांगते, आणि वर्गातली बाकीची मुलं आता गोरबोलीत मोजतात. वार्षिक परीक्षेत कोनांचा प्रश्न एकतीसपैकी सत्तावीस जणांनी बरोबर सोडवला. केंद्रप्रमुखांनी तो आकडा दोनदा विचारला.

जूनमध्ये शाळा उघडली. आमची मुलं आठवीत गेली होती. पहिल्या शनिवारी शीलाताई ऑटोतून उतरल्या तेव्हा त्यांच्या हातात एक पांढरी पेटी होती. सौर पंपाचं कंट्रोलर, बंद पडलेलं. कोणीतरी दुकानात टाकून गेलं होतं.

“आता सगळीकडे सोलर येऊन राह्यले,” त्या म्हणाल्या. “हे खोलून मी रोज पाह्यलं अन् पुन्हा बंद केलं. यातलं मले एक अक्षर समजत नाई.”

“मग?”

“मंग काय. आज पोराईसंगं सुरुवात.” त्यांनी पोतं अंथरलं, पेटी मधोमध ठेवली, पेचकस उर्वशीच्या हातात दिला, आणि या वेळी स्वतः मुलांच्या ओळीत जागा करून बसल्या.