वाळूतलं आळं

आई गेल्यावर अण्णांना, माझ्या वडिलांना, मी किनाऱ्यावरच्या माझ्या घरी आणलं. त्यांचा सगळा जन्म काळ्या जमिनीत गेलेला आणि आमच्या परसात नुसती वाळू. आल्या आल्या त्यांनी सवयीनं ओल्या वाळूची मूठ वळून पाहिली. बोट लावताच ढेकूळ विस्कटलं. मग त्यांनी कंबरेइतका खड्डा खणला. "खाली कुठंतरी माती लागंलच की," म्हणाले. लागली नाही.

तरी त्यांनी पडवळ लावलं आणि त्याच्या आळ्यात गावाकडच्यासारखं आठवड्याचं पाणी एकदम सोडलं. बघता बघता ते दिसेनासं झालं. "अगं, गेलं कुठं?" ते मलाच विचारू लागले.

"अण्णा, इथं रोज थोडं थोडं घालायचं. मुळाशी सुका पालापाचोळा पसरायचा."

हे सांगताना मी मध्येच अडखळले. ते आल्यापासून मीही तेच करत होते ना? देऊळ, समुद्र, त्यांच्या आवडीची धपाटी, नातवंडांच्या गप्पा, सगळं एकदम ओतत होते. आणि त्यांचा चेहरा कोरडाच. जमीन वाईट म्हणावी, तर याच वाळूत शेजारी माड डोलतात. मग चुकतंय कुणाचं, पाण्याचं की ओतणाऱ्याचं?

अण्णांनी तांब्याभर पाणी हळूहळू मुळाशी घातलं. मी त्यांच्या शेजारी उकिडवी बसले.

"उद्या परत?" त्यांनी विचारलं.

"उद्या परत."