पाठमोरा रंगवीर

गेवराईला हायवेच्या कडेला, पंक्चरच्या दुकानाशेजारी मतीन पेंटर बसायचा. ट्रकवर मोर, गुलाब, मालकाच्या पोरांची नावं आणि गाडीचा नंबर काढायचा. मशीनवर कापलेली स्टिकरची अक्षरं बाजारात आली तरी टिपरवाल्यांनी त्याला सोडलं नाही. एक तर त्याचा हात सुरेख होता. दुसरं म्हणजे इंग्रजी तीनाची दोन्ही उघडी तोंडं बुजवली की त्याचा आठ होतो, आणि हे काम मतीन काही न विचारता करून द्यायचा. चोरून वाळू नेणाऱ्या गाडीला खरा नंबर चालत नाही.

त्यातल्या बऱ्याच गाड्या हनुमानच्या होत्या. हनुमान त्याचा शाळेपासूनचा दोस्त. आठवीत दोघांनी मिळून शंभरपानी वहीत एक कॉमिक काढलं होतं. गोष्ट हनुमान सांगायचा, चित्रं मतीन काढायचा. त्यात खाकी हाफपँटीतले दोन वीर होते. पूरवीर गोदावरीचा पूर हातांनी अडवायचा, म्हणून कायम ओलाचिंब. रंगवीर ज्याला हात लावेल त्यातलं लपलेलं उघडं पडायचं. त्याचे हात कोपरापर्यंत निळे, कारण मतीनकडं तेवढं एकच बॉलपेन होतं.

गेल्या ऑक्टोबरात मतीनच्या आईनं, रहेमतबीनं, ओल धरलेली लोखंडी पेटी उन्हात रिकामी केली.

"ये तेरी कॉपी है क्या रे?"

मतीननं वही उघडली. शेवटच्या भागात दोघं वीर कोरड्या बारवेत उतरून पंचवीस वर्षं पुढं निघतात आणि तिथं त्यांना तेच दोघं भेटतात, मोठे झालेले, वाईट झालेले. म्हातारा पूरवीर वाळूच्या ढिगावर उभा. काळा चष्मा, सुटलेलं पोट. त्याच्या डाव्या हाताला चारच बोटं होती.

हनुमानच्या डाव्या हाताचं एक बोट चार वर्षांपूर्वी टिपरच्या मागच्या फाळक्यात गेलं होतं.

मोठा रंगवीर पाठमोरा होता. हातात काळा ब्रश, समोर पाटी, आणि पाटीवरचे आकडे तो पुसत होता. त्याच्या पलीकडं रस्त्यावर एक बाई पडलेली, टोपली उलटी, गोल गोल काहीतरी पसरलेलं. हाफपँटीतली दोन्ही पोरं त्याच्या मागं उभी राहून नुसती बघत होती. त्यांच्या तोंडाजवळचे बोलायचे फुगे रिकामेच राहिले होते.

मतीन वही घेऊन हनुमानकडं गेला. हनुमान आधी हसला.

"तवा तुला पाच बोटं काढताच येत नव्हती बे."

"उजव्या हाताला पाच हायत, हनम्या."

हनुमाननं चित्र परत बघितलं. मग वही मिटून ढकलून दिली. "जाळून टाक हे. आन् उद्या नवी गाडी येतीय, तिचा नंबर करून ठेव."

मतीननं वही जाळली नाही. पण नंबर केला.

आठवडाभरानं भर दुपारी त्याच टिपरनं बायनाबाईला उडवलं. बायनाबाई फाट्यावर सीताफळं विकायची. मतीन धावत गेला तेव्हा तिला नुकतंच उचलून नेलं होतं. रस्त्यावर टोपली उलटी पडली होती आणि फळं पसरली होती. तो जिथं उभा होता तिथून सगळं चित्रातल्यासारखंच दिसत होतं. ऊन कडक होतं, तरी त्याच्या पाठीला गार लागलं. त्यानं मागं वळून बघितलं. कोणी नव्हतं.

टिपर पळून गेला. कुणीतरी मोबाईलवर नंबर टिपला होता, तो दुसऱ्याच जिल्ह्यातल्या एका स्कूटरचा निघाला.

दुसऱ्या दिवशी मतीन दवाखान्यात गेला. बायनाबाईचं खुब्याचं हाड मोडलं होतं, पण ती शुद्धीवर होती.

"मी तर मेलेच असते, बाबा," ती म्हणाली. "दोन पोरं वरडली, मावशे, बाजूला व्हय! म्हणून मी सरकले. कुणाची व्हती काय म्हाईत. एक लई भिजलेला. आन् दुसऱ्याचे हात निळे, असे इथवर."

तिनं कोपराला बोट लावलं. फाट्यावरच्या चहावाल्याला मतीननं विचारलं. तिथं त्या वेळी एकही पोरगं नव्हतं.

संध्याकाळी हनुमान टिपर घेऊन दुकानापुढं आला. "आठाचा तीन कर. आत्ताच्या आत्ता."

बोलताना तो सारखा पायाखालची जमीन बघत होता. मतीननं विचारलं, "कावून एवढा घाबरलास?"

"दोन दिस झाले, अंगणात वल्ली पावलं उमटत्यात. ल्हान पोराची. घरात ल्हान पोरगं न्हाई माझ्या." हनुमान खाली बघत म्हणाला. "तू नंबर पूस, बास."

मतीननं काळ्या रंगात ब्रश बुडवला आणि फाळक्याकडं तोंड केलं. त्याच क्षणी मागं कुणीतरी उभं असल्याचं त्याला जाणवलं. हनुमान तर त्याच्या शेजारी होता. ओल्या कपड्यांचा वास आला. पाणी ठिबकल्याचा आवाज आला, थेंब थेंब. वळून बघायची त्याची हिंमत झाली नाही. चित्रातल्या माणसानंही वळून बघितलं नव्हतं, हे त्याच्या ध्यानात आलं आणि त्याचा हात थांबला.

तो वळला. डांबरी रस्ता, पलीकडं लिंबाचं झाड, बाकी काही नाही. त्यानं ब्रश खाली ठेवला.

"मी ठाण्यात चाललो," तो म्हणाला. "हा नंबर मी काढलाय. येतोस का?"

हनुमान जागचा हलला नाही. त्यानं मतीनला अडवलं मात्र नाही.

ठाण्यातल्या साहेबांनी आधी बजावलं, "तुझं बी नाव येईल यात."

"येऊ द्या," मतीन म्हणाला.

नाव आलं. ड्रायव्हर सापडला, हनुमान सापडला, मतीनही सव्वीस दिवस आत राहून जामिनावर सुटला. केस अजून चालू आहे. टिपरवाले आता त्याच्या दुकानापुढं थांबत नाहीत. बायनाबाई काठी टेकत चालते आणि फाट्यावर तिची सून बसते. मतीन सकाळच्या एसटीनं नेकनूरकडं जातो, शाळांच्या भिंतींवर पाढे आणि नकाशे रंगवतो. शिडीवर चढला की पोरं खाली जमून गलका करतात. त्यांच्याकडं पाठ असते तेवढा वेळ, मागं पाणी ठिबकलेलं ऐकू येऊ नये म्हणून, तो मोठ्यानं पाढे म्हणत राहतो.