पायाखालचं ग्रहण

आमच्या बाबिलोनमध्ये कांदेवाल्या लबाशीला जन्मात कधी ‘नाही’ म्हणता आलं नाही. शेजाऱ्याने भिंत बांधायला बोलावलं, हो. मेहुण्याने गाढव मागितलं, हो. मग गाढवाचा चाराही मागितला, तरी हो. मी त्याच्या भिंतीला भिंत लावून सातूची दारू गाळतो, माझे रांजण कालव्यावरून तोच भरून आणायचा. कांदे मात्र त्याची बायको नुप्ता विकायची. कारण गिऱ्हाईक लबाशीला विचारायचं, “फुकट देतोस का?” आणि हा द्यायचा.

त्या वर्षी राजवाड्यातल्या रीमूत गुरुजींनी सांगितलं, येत्या पौर्णिमेला चंद्राला खग्रास ग्रहण लागणार. ग्रहणांचं चक्र ठरलेलं असतं. अठरा वर्षं आणि वर थोडे दिवस गेले की तेच ग्रहण फिरून येतं. आणि चंद्र काळवंडला की राजा मरतो, हे तर आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक. म्हणून तेवढ्यापुरता भलताच कुणीतरी राजा करायचा, ग्रहण त्याच्या अंगावर ढकलायचं आणि मग त्याला वर पाठवून द्यायचं. खरा राजा तोवर बोरूच्या झोपडीत राहतो आणि त्याला सगळ्यांनी ‘शेतकरीबुवा’ म्हणायचं असतं.

शिपाई राजा शोधत गल्लीत शिरले तशी पटापट दारं लागली. लबाशी तेवढा बाहेर उभा होता, कुणाचंतरी गाढव धरून.

“काय रे, राजा होतोस का?”

“हो.”

नुप्ता धावत आली. “अहो, डोकं ठिकाणावर आहे का? मारतील तुम्हांला!”

“हो,” लबाशी म्हणाला आणि गाढवाची दोरी तिच्या हातात देऊन शिपायांबरोबर चालू लागला.

पौर्णिमेला चंद्र उगवला तो मावळेपर्यंत घासलेल्या ताटासारखा लख्ख. डागसुद्धा नाही. सकाळी दरबारापुढच्या चौकात आम्ही गल्लीतले सगळे जमलो. ग्रहण लागलं नाही म्हणजे नवरा सुटला, या आनंदात नुप्ताने नवी ओढणी घेतली होती. तेवढ्यात रीमूत गुरुजी उठले.

“ग्रहण दर फेरीला दिवसाच्या तिसऱ्या हिश्श्याने उशिरा येतं, ते धरायचं राहिलं. तेव्हा ते आत्ता लागलंय. चंद्र पृथ्वीच्या खाली आहे, एवढंच.”

अख्खा दरबार जमिनीकडे बघू लागला. सेनापतीने तर एक पाय उचलूनच घेतला.

“दिसत नाही, तर लागलं कशावरून?” एका कारभाऱ्याने विचारलं.

“तुझा पणजोबा दिसतोय का? मग तो नव्हताच म्हणायचं का?”

गुरुजींची अब्रू वाचली आणि लबाशीची मान गेल्यात जमा झाली. आता एवढंच उरलं होतं की, राजाने स्वतःच्या तोंडाने ग्रहण पत्करायचं. सूर्य बुडताना राजाचा जो शब्द शेवटचा, तो कायम. लबाशीच्या बाबतीत त्यात काय अवघड!

“महाराज, हे ग्रहण अंगावर घेता?”

“हो,” सिंहासनावरून लबाशी म्हणाला.

मला असा संताप आला की सांगता सोय नाही. इतक्या साध्या माणसाला विचारून मारायचं, म्हणजे विचारल्याचं पुण्यही यांनाच! पण ओरडली ती नुप्ता.

“अहो, घरी येता का?”

“हो.”

दरबार थबकला. राजाचा शब्द तो राजाचा शब्द. गुरुजींनी घाईघाईने पुन्हा विचारलं, “ग्रहण घेता?” हो. “घरी येता?” हो. “घेता?” हो. “येता?” हो. दुपार झाली. लोकांनी घरून खजूर आणले, म्हाताऱ्यांनी सावली धरली. शिपायांनी नुप्ताला हटकलं असतं, पण राजा तिला उत्तर देत होता. राजाशी बोलणाऱ्याच्या तोंडावर हात कोण ठेवणार?

गुरुजींचा जन्म मंत्र पुटपुटण्यात गेलेला. नुप्ताचा बाजारात ओरडण्यात. उन्हं कलली तेव्हा गुरुजींच्या घशातून नुसता वारा यायला लागला. “महाराज, हे ग्र...” आणि त्यांना खोकल्याची उबळ आली.

“घरी येता का?”

“हो,” लबाशी म्हणाला. सूर्य बुडाला.

घरी मी दारूचा रांजण घेऊन गेलो. नुप्ताने त्याच्यापुढे भाकरी ठेवली. तिचाही आवाज पार बसला होता.

“अहो, तुम्हांला यायचं होतं ना?”

“हो.”

तिचा चेहरा फुलला. मग तिच्या काय मनात आलं कोण जाणे, ती हळूच म्हणाली, “का तिथेच राहायचं होतं?”

“हो,” लबाशी म्हणाला.

दिवसभर शिपायांना न घाबरलेली ती बाई चुलीकडे तोंड करून रडायला लागली. कुठं बघावं ते मला कळेना.

लबाशीने हातातला घास खाली ठेवला. “काय झालं गं?”

इतक्या वर्षांत त्याने कुणाला काही विचारलेलं मी ऐकलं नव्हतं. तिनेही ऐकलं नसावं, कारण ती आणखीच रडू लागली.