कडेला मंदावलेली दीर्घिका

वसईजवळच्या पापडीची अश्लेषा आपल्या आकाशगंगेसारख्या दीर्घिकांचा फिरण्याचा वेग मोजायची. आपलं काम तिने वडिलांना, दिनानाथांना, समजावलं होतं. सर्पिल दीर्घिकेच्या कडेला तारे विरळ होतात, तेव्हा तिथला वायू सावकाश फिरायला हवा. पण तो आतल्याइतक्याच वेगाने फिरतो. म्हणून तिथे न दिसणारं पुष्कळ द्रव्य असावं, असं शास्त्रज्ञ मानतात.

तिच्या एका दीर्घिकेत मात्र कडेचा वेग उतरत गेला.

"दीर्घिकेची तबकडी कडेला वाकलेली असणार, म्हणून वेग कमी दिसतोय. तुझं गणित चुकलंय," तिचे मार्गदर्शक सुमेध सर म्हणाले.

तिने तेही धरून पाहिलं. आपल्याकडे येणारी बाजू आणि दूर जाणारी बाजू वेगवेगळी मोजली. दोन्हीकडे उतारच.

"ही दीर्घिका प्रबंधातून काढ. नाहीतर मी सही करणार नाही."

तिने काढली. उरलं ते इतरांनी आधीच मोजलेलं होतं. त्या प्रबंधावर पुढे कुठे काम मिळेना. ती घरी परतली आणि विरारला बारावीचे क्लास घेऊ लागली. का परतली, हे घरी कोणाला सांगितलं नाही.

गेल्या वर्षी एका परदेशी गटाने त्याच दीर्घिकेतला तोच उतार जाहीर केला. मग वसईतल्या एका कॉलेजात सुमेध सरांचं व्याख्यान झालं. बापलेक दोघंही गेली.

"आमच्या गटाला हे केव्हाच दिसलं होतं," सर म्हणाले. टाळ्या पडल्या.

अश्लेषा उठली. "सर, ते कोणी मोजलं होतं?"

सरांनी तिला ओळखलं. तिला ते स्पष्ट दिसलं.

"होती एक विद्यार्थिनी. नाव आता कुठे आठवतंय!" ते हसले. सभागृहही हसलं. ती नाव सांगणार तोच माईक दुसऱ्याकडे गेला.

चहाच्या वेळी दिनानाथ सरांपुढे उभे राहिले. "मी अश्लेषाचा बाप."

"हुशार होती हो," सर म्हणाले. "चिकाटी कमी पडली."

इतकी वर्षं दिनानाथांनाही तसंच वाटत आलं होतं.

रिक्षात अश्लेषाने त्यांना सगळं सांगितलं.

"मग तेव्हाच का नाही बोललीस?"

"सही हवी होती, बाबा."

ती स्टेशनपाशी उतरली. विरारच्या क्लासला उशीर होत होता.